वाट चुकलेल्या मुलाचा सोबती

‘मुलगा बिघडला’ हें वाक्य आपल्याकडे नेहमीं शेजारच्या घराविषयीं उच्चारलें जातें. आपल्या घरचा मुलगा फार तर ‘जरा हूड’ असतो, त्याला ‘संगत बरी मिळाली नाहीं’, किंवा त्याच्या पत्रिकेंत सध्यां शनि असतो. आम्ही पस्तीस वर्षें माध्यमिक शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. त्या काळांत पालकांच्या तोंडून हे तिन्ही शब्दप्रयोग ऐकले व कित्येकदां स्वतःहि वापरले. मुलगा सोळा वर्षांचा झाला कीं त्यास मित्रासारखें वागवावें, हें वचन आपल्यांपैकीं बहुतेकांस पाठ असतें. परंतु मित्रासारखें म्हणजे नेमकें कसें, हें त्या वचनांत सांगितलेलें नाहीं, व घरींहि कोणी शिकवीत नाहीं. साठी उलटल्यावर तें आम्हांस थोडेंफार शिकावें लागलें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आज योजिलें आहे.

प्रथम एक कबुली. १९९४ च्या सुमारास नववीच्या वर्गांतील एका मुलानें सहलीच्या वर्गणीचे पैसे लांबविले. रक्कम अडीचशें रुपयांच्या आंतबाहेर होती. शिक्षकांची बैठक भरली आणि मुलास ठेवावें कीं दाखला हातीं द्यावा असा प्रश्न निघाला. एका नासक्या आंब्यानें सारी आढी नासते, अशा अर्थाचें बोलणें आम्हींच केलें, व वर एक श्लोक म्हटला. श्लोक शुद्ध होता, वृत्तहि बिनचूक होतें. दाखला दिला गेला. दुसऱ्या दिवशीं मुलाची आई मधल्या सुटीपर्यंत फाटकापाशीं उभी होती. तिला आंत बोलवावें असें आमच्यापैकीं कोणासहि वाटलें नाहीं. पुढें त्या मुलाचें काय झालें हें विचारण्याचें धैर्य आम्हांस झालें नाहीं. एकदां बसस्थानकावर तो दिसला असें वाटलें; मान त्यानें फिरविली कीं आम्हीं, हें आतां निश्चयानें सांगतां येत नाहीं.

पंचतंत्राची कथा आम्हीं पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांस शिकविली. महिलारोप्य नगरचा राजा अमरशक्ति, त्याचे तीन अडाणी पुत्र, आणि त्यांस सहा महिन्यांत शहाणे करण्याची प्रतिज्ञा करणारा ऐंशी वर्षांचा विष्णुशर्मा. ह्या प्रास्ताविकांतील दोन गोष्टी मात्र आमच्या लक्षांत फार उशिरा आल्या. राजानें मुलें सुधारण्याचें काम स्वतःकडे ठेवलें नाहीं. तीं त्यानें घराबाहेरच्या माणसाच्या हवालीं केलीं. आणि विष्णुशर्म्यानें त्या कामाचें मोल घेण्याचें साफ नाकारलें. बापाला जें जमत नाहीं तें परक्याला साधतें, ह्यांत बापाचा कमीपणा नाहीं. बाप मुलाकडे पाहतो तेव्हां त्यास मुलगा दिसतच नाहीं. स्वतःचें नांव, घराणें व पुढील वीस वर्षें दिसतात. परक्याला समोर बसलेला मुलगा तेवढा दिसतो.

आमचे तीर्थरूप १९४० च्या सुमारास पुण्यास वार लावून शिकले. वाराच्या जेवणांत पान कसें वाढलें जाई, कोणत्या पंक्तीस बसवीत, याच्या कडू गोष्टी त्यांच्याच तोंडून आम्हीं ऐकल्या आहेत. शिवाय ही सोय ब्राह्मणाच्याच मुलास होती. हें विसरून त्या पद्धतीचे गोडवे गाणें अप्रामाणिकपणाचें होईल. बहुजनांच्या मुलांसाठीं तें काम भाऊराव पाटलांस निराळ्या मार्गानें करावें लागलें. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापून त्यांनीं वसतिगृहें चालविलीं, व मुलांच्या जेवणाखातर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं अंगावरचे दागिने मोडले. तथापि वाराच्या पद्धतींत एक गुण होता. मुलगा गुरुवारीं आला नाहीं तर गुरुवारच्या घरची बाई विचारी, ‘अरे, आज तो कां नाहीं आला?’ सात घरीं त्याच्या नांवाचें एक एक पान होतें आणि तें रिकामें राहिलें तर कळत असे. आज मुलगा तीन तीन दिवस कोठें जातो हें शेजारच्या सदनिकेस ठाऊक नसतें. ठाऊक असतें तें त्याच्या हातांतील यंत्रास.

परक्या माणसानें परक्याच्या मुलाचा भार नेमानें उचलावा, ही कल्पना अमेरिकेंत पद्धतशीर रुजली. १८४१ सालीं बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाचा एक चर्मकार न्यायालयांत बसला होता. समोर एका मद्यप्यास शिक्षा होण्याच्या बेतांत होती. ऑगस्टसनें त्याचा जामीन पत्करला, आणि तीन आठवड्यांनीं त्यास शुद्धीवर व नीटनेटक्या वेषांत न्यायाधीशापुढें उभें केलें. पुढील अठरा वर्षांत त्यानें सुमारें दोन हजार माणसांस असें सांभाळलें. त्यांत मुलेंहि पुष्कळ होतीं. त्याच राज्यानें १८७८ मध्यें ह्या कामासाठीं पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा केला, व ‘परिवीक्षा’ हा शब्द आपण आज वापरतों त्याचें मूळ तेथें आहे. १९०४ मध्यें न्यूयॉर्कच्या मुलांच्या न्यायालयांतील अर्नेस्ट कोल्टर ह्या कारकुनानें गांवांतील सद्गृहस्थांस विनंति केली कीं, आपल्यांपैकीं प्रत्येकानें एकेका मुलाचा वडील भाऊ व्हावें. त्यांतून निघालेली ‘वडील भावांची’ संस्था शंभरांहून अधिक वर्षें चालली आहे.

आपल्याकडे पहिली व्यवस्था झाली ती बंद दाराची. मुंबईस १८५७ मध्यें डेव्हिड ससून यांच्या नांवानें सुधारशाळा निघाली. मग १८७६ व १८९७ चे सुधारशाळांचे कायदे, १९२४ चा मुंबई इलाख्याचा मुलांचा कायदा, १९२७ मध्यें स्थापन झालेली चिल्ड्रेन्स एड सोसायटी, अशी ती परंपरा आहे. सध्यांचा कायदा २०१५ चा असून तो १५ जानेवारी २०१६ पासून अमलांत आला. अठरा वर्षांखालील मुलाचा अपराध बालन्याय मंडळापुढें जातो. तेथें एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते बसतात, आणि त्या दोघांपैकीं एक स्त्री असावीच लागते. मंडळ मुलास समज देऊन घरीं पाठवूं शकतें, कांहीं समाजसेवेचें काम नेमून देऊं शकतें, किंवा सद्वर्तनाच्या अटीवर परिवीक्षेवर सोडूं शकतें. मुलाचें नांव, पत्ता, शाळा हीं प्रसिद्ध करण्यास ह्या कायद्यानें सक्त मनाई आहे. म्हणून पुढील हकीकतींत आम्ही गांवाचेंहि नांव घालीत नाहीं.

आमच्या गांवीं निवृत्त शिक्षक, दोन वकील व एक औषधाचा दुकानदार अशा कांहीं मंडळींनीं एक लहानसें मंडळ चालविलें आहे. परिवीक्षा अधिकारी, किंवा कधीं कधीं शाळेचे मुख्याध्यापक, त्यांच्याकडे मुलगा पाठवितात; मंडळ त्यास एक सोबती नेमून देतें. सोबत्यानें आठवड्यांतून एक ठरलेला वार मुलाला द्यावयाचा. त्यास उपदेश करावयाचा नाहीं, पैसे द्यावयाचे नाहींत, आणि त्याचें बोलणें बापाच्या कानीं घालावयाचें नाहीं. जिवास धोका असेल तर मात्र तत्काळ सांगावयाचें. हे नियम ऐकून आम्हांस वाटलें कीं मग सोबत्यानें करावयाचें तरी काय! आमचें सारें आयुष्य उपदेशावर गेलें होतें.

आमच्या वांट्यास आलेला मुलगा सोळा वर्षांचा. कोणत्या घरचा, असें वाचक विचारतील, व त्यांच्या विचारण्याचा रोखहि आम्हांस कळतो. उत्तर असें कीं, आपल्यासारख्याच घरचा. आजोबा दशग्रंथी, घरीं पुस्तकांचीं दोन कपाटें, वडील पतपेढींत नोकरीस. मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या तेव्हां हा आठवींत होता. दीड वर्ष खोलींत एकटा व हातांत मोबाइल. शाळा उघडल्या तेव्हां तो गणितांत सहावीच्या पलीकडे नव्हता. पण वरच्या वर्गांत ढकलला गेला होता. मार्च २०२२ च्या दहावीच्या परीक्षेंत तो गणित व इंग्रजींत अनुत्तीर्ण झाला. चुलतभाऊ त्याच वर्षीं पुण्यास संगणक कंपनींत लागला, व त्या भावाचें नांव घरांत दोन वेळच्या जेवणाबरोबर वाढलें जाऊं लागलें. मुलगा घराबाहेर राहूं लागला. एका गॅरेजवर त्याला मान देणारी मंडळी भेटली. पावसाळ्यांत त्यांनीं एक मोटारसायकल ‘फिरवायला’ म्हणून नेली. ती दुसऱ्याची होती व परत गेली नाहीं. मंडळानें त्यास परिवीक्षेवर सोडलें. वडिलांनीं आम्हांस पहिल्याच भेटींत सांगितलें, “गुरुजी, चारचौघांत तोंड दाखवायला जागा राहिली नाहीं.” मुलाविषयीं ते कांहींच बोलले नाहींत.

गुरुवार संध्याकाळ ठरली. पहिला गुरुवार फुकट गेला, कारण नियम मोडून आम्हीं दोन सुभाषितें सांगितलीं. दुसरा व तिसराहि फुकट गेला, कारण आम्हीं कांहींच सांगितलें नाहीं व तोहि बोलला नाहीं. चहा तेवढा झाला. चौथ्या गुरुवारीं आमच्या विहिरीवरचा पंप गुणगुणत होता पण फिरत नव्हता. मुलगा उठला, बटण बंद केलें, झांकण काढून पाहिलें, आणि म्हणाला, “कपॅसिटर गेलाय. शंभर-दीडशेंत येईल.” बाजारांतून आणून त्यानें तो पंधरा मिनिटांत बसविला. पाणी वर चढल्याचा आवाज आला तेव्हां त्याच्या चेहऱ्यावर जें दिसलें तें पस्तीस वर्षांत आम्हीं वर्गांत फार थोड्यांच्या चेहऱ्यावर पाहिलें आहे.

तेथून गणिताची वाट सांपडली. गुणोत्तर व प्रमाण ह्या शब्दांनीं तो कंटाळे. पण आमचें विजेचें बिल समोर ठेवून, एक हजार वॅटचा हीटर एक तास चालला कीं एक युनिट, मग हा पंप रोज चाळीस मिनिटें चालला तर महिन्याचे किती, असें विचारलें कीं पेन्सिल आपोआप चाले. आम्ही स्वतः मॅट्रिकच झालेले. बीजगणिताचीं प्रकरणें त्याच्या आदल्या रात्रीं आम्हांस पुन्हां वाचावीं लागत. एकदां त्यानें आमची चूक काढली. आम्हीं ती मान्य केली, हें त्यास फार नवलाचें वाटलेलें दिसलें. सतरा नंबरचा अर्ज, परीक्षेची फी, पुनर्परीक्षा ह्या गोष्टींविषयीं तो स्वतः विचारूं लागला. तोंवर तो आम्हांस कोणत्याच नांवानें हांक मारीत नसे. दिवाळीच्या सुमारास वडिलांप्रमाणें ‘गुरुजी’ म्हणूं लागला.

आणि येथें आम्हीं चूक केली. डिसेंबरांत आम्ही सपत्नीक काशीयात्रेस गेलों. मंडळास कळविलें, शेजाऱ्यास किल्ली दिली, दूध बंद केलें. मुलास सांगितलें नाहीं. सांगावयाचें राहून गेलें असें म्हणतां येईल, पण खरें कारण असें कीं तो आपली वाट पाहत असेल हें आमच्या ध्यानींच आलें नाहीं. चार गुरुवार गेले. पहिले दोन गुरुवार तो कुलूप लावलेल्या दाराशीं येऊन बसला, असें शेजाऱ्यानें सांगितलें. तिसऱ्यास आला नाहीं. आम्ही परतलों तेव्हां तो पुन्हां गॅरेजवर होता आणि पुस्तकांसाठीं वडिलांनीं दिलेले पैसे संपले होते. परिवीक्षा अधिकारी बाई तिशीच्या आंतल्या असतील, त्या आम्हांस शांतपणें म्हणाल्या, “गुरुजी, तुम्ही गेलांत याचं कांहीं नाहीं. न सांगतां गेलांत.”

मंडळांतील वकिलांनीं त्या वेळीं आम्हांस जें वाचावयास दिलें तें आधींच दिलें असतें तर बरें झालें असतें. अमेरिकेंत १९९५ सालीं ‘वडील भावांच्या’ संस्थेची पाहणी प्रसिद्ध झाली. आठ ठिकाणच्या १० ते १६ वर्षांच्या ९५९ मुलामुलींपैकीं निम्म्यांस सोबती दिला व निम्म्यांस दीड वर्ष थांबविलें. सोबती मिळालेल्यांत मादक पदार्थांस प्रथम हात लावण्याचें प्रमाण शेंकडा ४६ नीं कमी आढळलें व शाळा बुडविण्याचे दिवस जवळ जवळ निम्म्यावर आले. पण त्याच सामग्रीचा २००२ मध्यें पुन्हां अभ्यास झाला, तेव्हां दिसलें कीं लाभ मुख्यतः एक वर्ष वा अधिक टिकलेल्या जोड्यांचा होता. जेथें सोबती तीन महिन्यांच्या आंत सोडून गेला, तेथें मुलाची स्वतःविषयींची किंमत पूर्वींपेक्षांहि खालीं गेली होती. आपल्याला कोणीं तरी सोडणारच, अशी ज्याची आधींच समजूत आहे, त्यास आपण तिचा नवा पुरावा देतों.

दुसरें उदाहरण याहून विलक्षण आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यांत डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं योजिलेला एक प्रयोग १९३९ ते १९४५ ह्या काळांत झाला. ५०६ मुलांच्या जोड्या जुळवून प्रत्येक जोडींतील एकास मार्गदर्शक, शिकवणी, उन्हाळी शिबिर असें सर्व कांहीं मिळालें. दुसऱ्यास कांहीं नाहीं. जोन मॅककॉर्ड ह्या विदुषीनें तीस वर्षांनीं त्या सर्वांचा माग काढला व १९७८ मध्यें निष्कर्ष छापला. मदत मिळालेल्यांपैकीं बहुसंख्य म्हणत होते कीं आमचें भलें झालें. प्रत्यक्षांत अनेक बाबतींत त्यांची गति मदत न मिळालेल्यांहून वाईट होती. पुढील छाननींत असें निघालें कीं जीं मुलें एकाहून अधिक वेळां शिबिरांस पाठविलीं गेलीं त्यांचें नुकसान सर्वांत अधिक झालें. वाट चुकलेलीं मुलें एकत्र जमलीं कीं एकमेकांचे गुरु होतात. आमच्या नासक्या आंब्याच्या भाषणांत तथ्य होतें तें एवढेंच. परंतु त्यावरून आम्हीं काढलेलें अनुमान उलटें होतें. त्या मुलास आढींतून काढून आम्हीं कोणत्या आढींत टाकलें, याचा विचार कोणींच केला नव्हता.

आम्ही गॅरेजवर गेलों. तो वंगणाचे हात पुसत बाहेर आला. तेथें त्याच्या मित्रांदेखत आम्हीं म्हटलें, “बाळ, मीं तुला न सांगतां गेलों. चुकलों.” पस्तीस वर्षांत विद्यार्थ्यापाशीं हे शब्द आम्हीं उच्चारले नव्हते, आणि १९९४ मध्यें ज्याच्यापाशीं उच्चारावयास हवे होते तो आतां कोठें आहे हें आम्हांस ठाऊक नाहीं. मुलगा बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “काशीला थंडी होती का?” पुढच्या गुरुवारीं तो आला नाहीं, त्याच्या पुढच्या गुरुवारीं आला.

मार्च २०२३ मध्यें इंग्रजी सुटलें, गणित राहिलें. जुलैच्या पुनर्परीक्षेंत गणितांत अडतीस गुण पडले. त्याच वर्षीं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत तारतंत्रीच्या, म्हणजे लोक ज्यास वायरमन म्हणतात त्या अभ्यासक्रमास त्यानें नांव घातलें. वडिलांस तें रुचलें नाहीं. दशग्रंथ्याचा नातू खांबावर चढणार, हें त्यांच्या गळीं उतरण्यास दोन वर्षें लागलीं. अजून पुरतें उतरलेलें नाहीं. मध्यंतरीं एकदां मुलगा पुन्हां आठ दिवस नाहींसा झाला होता, व एकदां त्यानें आमच्याशीं खोटें बोलून पैसे मागितले; आम्हीं दिले नाहींत. हें सर्व लिहिण्याचें कारण असें कीं, वाचकांनीं हा सरळ चढत गेलेला जिना समजूं नये. त्या वर्षीं मंडळाकडे आलेल्या सहा मुलांपैकीं दोघांनीं येणें सोडलें, आणि त्यांतील एकाचें पुढें फारच वाईट झालें. त्याच्या सोबत्यानें एकहि वार चुकविला नव्हता.

२०२५ च्या उन्हाळ्यांत अभ्यासक्रम संपला व एका विद्युत ठेकेदाराकडे तो उमेदवारीस लागला. त्यास मिळालेल्या पहिल्या वेतनांतून त्यानें आईस साडी आणली, आणि वडिलांपुढें विजेचें बिल ठेवून घरांत कोणते दिवे बदलावे हें सांगितलें. दोघे आतां विजेविषयीं बोलतात. दुसऱ्या कशाविषयीं बोलतात असें दिसत नाहीं.

अलीकडे मंडळानें त्यालाच विचारलें कीं एका पंधरा वर्षांच्या मुलास सोबती हवा आहे, घेशील का. तो आमच्याकडे येऊन ओट्यावर बराच वेळ बसला. म्हणाला, “गुरुजी, पहिल्या दिवशीं काय बोलायचं?” आम्हीं म्हटलें, “कांहीं बोलूं नकोस. चहा घेतो का तेवढें विचार.” त्यानें मान डोलावली. वार कोणता घेतलास, असें आम्हीं विचारलें. शनिवार घेतला, म्हणाला. गुरुवार त्यानें मोकळा ठेवला आहे.